धुऊन परत आलेला डबा

निशा गावंडेच्या बाणेरच्या कार्यालयाचं दार काचेचं होतं. ते ओढायचं की ढकलायचं, हे त्यावर कुठेच कळत नव्हतं. मी ते चुकीच्या बाजूला ढकलत असताना ती आतून धावत आली आणि म्हणाली, "सॉरी काका. चूक तुमची नाही, दाराची आहे."

मी पुण्यात साठ वर्षं काढली आहेत. इथे दुकानात, बँकेत, पोस्टात काहीही चुकलं तरी ते गिऱ्हाइकाचंच चुकलेलं असतं, हे आम्हाला बारशापासून ठाऊक. दाराला दोष देऊन माणसाला मोकळं करणारी ही पस्तिशीच्या अलीकडची बाई मला जरा संशयास्पदच वाटली.

पण तिचा पेशाच तो होता. मोबाइलवरची बटणं कुठे असावीत, केवढी असावीत, दाबणाऱ्याच्या बोटाला आणि डोक्याला कमीत कमी त्रास कसा होईल, हे ती ठरवायची. बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासून मी निवृत्त झालेला. मला बोलावलं होतं ते त्या बटणांवरचं मराठी लिहायला. 'ऑर्डर करा' म्हणायचं की 'मागवा', यावर पाच जणांची पाऊण तास बैठक झाली. मी 'मागवा' म्हटलं. पाचही जणांनी ते लिहून घेतलं. इतकं मोलाचं बोलल्याची सवय नसल्याने मी उरलेला दिवस गप्प बसलो.

काम एका खासगी विद्यापीठाचं होतं. नाव सांगत नाही. त्यांच्या वकिलांना मराठी वाचता येतं. शहराच्या कडेला, एका गावचं शिवार विकत घेऊन ते उभं राहिलं होतं. वसतिगृहांत साडेतीन हजार मुलंमुली. तोपर्यंत ही पोरं फाटकाबाहेरच्या पाच खाणावळींत आपापला डबा लावत. आता विद्यापीठाने ठरवलं होतं की पाचही खाणावळी एका ॲपवर आणायच्या, आणि पोरांनी तिथूनच जेवण मागवायचं.

त्या पाचांतली एक खाणावळ इंदुबाईंची. निशाने ते नाव यादीत वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी टॅक्सी मागवली. "तुम्हीही चला काका," म्हणाली. "त्या कशाला काय म्हणतात ते ऐकायला मिळेल." वाटेत तिने मला जे सांगितलं ते तिने कार्यालयात तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

२००९ साली निशा वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरहून पुण्याला इंजिनिअरिंगला आली. नारायण पेठेत एका माडीवर 'कॉट बेसिस'वर राहिली. म्हणजे भाड्याने खोली नाही, खाट. खाटेखालची जागा फुकट. शेजारच्या खाटेवर तिच्याच तालुक्यातली नम्रता. दोघींच्या घरून येणाऱ्या पैशांत मिळून दीड डबा बसत होता. दीड डबा कुणी देत नाही, म्हणून त्यांनी एकच लावला. तेव्हा इंदुबाईंची खाणावळ त्याच गल्लीत होती. एका माणसाचा डबा म्हणजे दोन्ही वेळा चार पोळ्या, भाजी, वरण, भात. दोघी दोन-दोन पोळ्या खायच्या आणि अभ्यासाला बसायच्या.

आठवडाभराने डब्यात सहा पोळ्या येऊ लागल्या. भातही दाबून भरलेला.

"आम्हाला वाटलं, मोजताना चुकल्या असतील," निशा म्हणाली. "सांगितलं तर चूक सुधारतील. म्हणून सांगितलं नाही."

ती चूक चार वर्षं चालली. निशा इंजिनिअर झाली, नम्रता बँकेत लागली.

पेठेतली इमारत पाडायला घेतली तशा इंदुबाई आपल्या माहेरच्या गावी आल्या. ज्या शिवारात विद्यापीठ उभं राहिलं तेच हे गाव. भावाच्या वाट्याच्या जमिनीवर पत्र्याची शेड, आत सात बायका पोळ्या लाटताहेत, आणि इंदुबाई मधोमध खुर्चीवर. निशाला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"कोण, गावंड्यांची निशा? बरी भरलीस की गं. कुणाचा डबा लावलास?"

"काकू, एक विचारायचंय. तेव्हा तुम्ही आम्हाला सहा पोळ्या का घालत होतात?"

"मी कशाला घालतीय? माझं काय डोकं फिरलंय?"

"चार वर्षं घातल्यात."

इंदुबाईंनी एका बाईला उगाचच गॅस बारीक करायला सांगितला. मग म्हणाल्या, "तुमचा डबा धुऊन यायचा."

"म्हणजे?"

"एकटं माणूस डबा धूत न्हाय गं. उष्टा तसाच धाडतं, पैशे दिलेत म्हणतं. दोघांत खाणारं मातर घासून, पुसून धाडतं. चोरी केल्यावानी. डबा धुऊन आला की आमच्या बायकांस्नी ठावं हाय, सांजच्याला दोन चपात्या वर. बोलायचं न्हाय, इचारायचं न्हाय."

"अजूनही येतात धुतलेले?"

"बारा येत्यात. मुलींच्या होस्टेलातनं. मागल्या म्हैन्यात तेरा हुतं, एकीचं लगीन ठरलं. सुटली."

टॅबलेटवर टिपून घ्यायला आणलेली काडी निशाच्या हातात तशीच राहिली. अडचण मलाही दिसत होती. नव्या पद्धतीत स्टीलचे डबे बादच होते. विद्यापीठाने बंद पुडकी ठरवली होती, एकदा वापरून फेकायची. परत काहीच येणार नव्हतं, ना धुतलेलं ना न धुतलेलं. पुडक्यावर नाव नसून नंबर असणार होता, आणि फाटकात वजनकाटा. ठरल्यापेक्षा कमी भरलं तर खाणावळीला दंड, जास्त भरलं तर पुडकं परत. एकसारखेपणा हवा, असं त्यांच्या कागदात लिहिलं होतं.

"काकू," निशा म्हणाली, "तुमच्या बारा डब्यांना मी धक्का लागू देणार नाही."

"तू नगं पडूस त्यात. माझं मी बघती."

"डबा परतच येणार नाही. कशावरून बघाल?"

इंदुबाईंनी आम्हाला जेवून जायला सांगितलं. आम्ही जेवलो. निशाने नळावर जाऊन आपलं ताट धुतलं, आणि सात बायका लाटणी थांबवून तिच्याकडे बघत राहिल्या.

पुढचे दोन महिने मी निशाला काम करताना पाहिलं. बारा खोल्यांतल्या चोवीस मुलींच्या ताटात दोन जास्तीच्या पोळ्या पडल्या पाहिजेत, एवढा तिचा प्रश्न. त्यावर तिला जे सुचलं ते तिच्या पेशातल्या कुणालाही सुचलं असतं. तिने एक बटण केलं.

मागवताना खाली एक लहानसा चौकोन. तो दाबला की त्या पुडक्यात दोन पोळ्या आणि एक वाटी भात जास्त, वजनकाट्यालाही ते ठाऊक. कारण विचारायचं नाही, अर्ज नाही, दाखला नाही. त्यावर काय लिहायचं ते माझ्याकडे आलं. 'वाटून घ्या' तिला उपदेशासारखं वाटलं. 'सहभोजन' मलाच लग्नपत्रिकेसारखं वाटलं. शेवटी 'एका डब्यात दोघं' ठरलं. सतरा जणांच्या हातात फोन देऊन तिने तपासून पाहिलं. सतराही जणांना बटण पहिल्या झटक्यात सापडलं.

अडला तो इंद्रजीत. तो या ॲपचा प्रमुख, निशाहून चार वर्षांनी लहान, चेहऱ्यावर कायम नुकताच पोहून आल्यासारखा उत्साह.

"दोन पोळ्या एक्स्ट्रा, फ्री? का पण?"

"कारण खाणारी दोघं आहेत."

"मग दोन डबे घेतील ना."

"नाही घेत."

"अगं, का नाही घेत? व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

बैठकीत आठ माणसं होती. निशाने मंगरूळपीर सांगितलं, खाट सांगितली, नम्रता आणि सहा पोळ्या सांगितल्या. आवाज कुठे चढवला नाही. ती थांबल्यावर एकाने लॅपटॉप हळूच मिटला. इंद्रजीतचे डोळे खरोखर ओले झाले होते.

"वॉव," तो म्हणाला. "निशा, हे आपण प्रेझेंटेशनमध्ये घेऊ या."

अशा रीतीने निशाची भूक सातव्या स्लाइडवर गेली. विद्यापीठाच्या माणसांना ती फार आवडली. त्यांनी निशाचा त्या काळातला एखादा फोटो मागितला. तिच्याकडे खाटेवर बसलेला एक होता. तो तिने दिला. बटण मंजूर झालं.

गेल्या जुलैत ॲप सुरू झालं. पहिल्या आठवड्यात ते बटण चार खोल्यांनी दाबलं, दुसऱ्यात नऊ. निशा रोज सकाळी आकडा बघायची आणि मला फोनवर सांगायची, जसा काही आमच्या घरचा सामना चालू आहे. बारांपैकी नऊ. उरलेल्या तीन खोल्यांनी शेवटपर्यंत दाबलं नाही. त्या चार पोळ्यांत भागवत राहिल्या असाव्यात.

तिसऱ्या आठवड्यात आकडा एकशे बेचाळीसवर गेला.

यात गूढ काही नव्हतं. दोन पोळ्या आणि भात फुकट मिळतो, हे एकाला कळलं, त्याने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. व्यायामशाळेत जाणारी पोरं तर दुवा देत होती. इंद्रजीतने केक आणला. "बेस्ट परफॉर्मिंग फीचर," म्हणाला.

बाकीच्या चार खाणावळींनी मात्र तक्रार केली की एवढी कणीक कुणाच्या बापाची. तक्रार विद्यापीठात गेली. विद्यापीठाने यादी मागितली. ॲप चांगलं बनवलेलं होतं, यादी चार सेकंदांत निघाली. नाव, खोली, पालकांचा पत्ता, कोणत्या तारखांना किती वेळा.

इंदुबाईंच्या सात बायकांना जे माहीत होतं ते त्यांनी पंधरा वर्षांत एकमेकींनाही बोलून दाखवलं नव्हतं. तेच आता साहाय्यक कुलसचिवांच्या टेबलावर, उभ्या-आडव्या रेघांत.

इथे एखादा खलपुरुष यायला हवा होता. आला नाही. विद्यापीठाने जे केलं ते काळजीपोटी केलं. त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मत दिलं की एका व्यक्तीचा आहार दोघांत वाटून घेणं प्रकृतीला अपायकारक आहे. म्हणून ठरलं की यापुढे वसतिगृहातल्या प्रत्येकाने स्वतःच्या नावाने मागवायचं, दिवसातून निदान एकदा. बटण काढून टाकायचं. आणि आपलं अपत्य अर्धं जेवण जेवत असल्याचं आढळून आलं आहे, तरी आपण लक्ष घालावं, अशा अर्थाचं एक सुंदर इंग्रजी पत्र एकशे बेचाळीस घरी धाडायचं.

एकशे तेहतीस घरी हसू झालं. कोथरूडच्या एका आईने उलट कुरिअरने तुपाची बरणी पाठवली. पत्र खरं ठरलं ते नऊ खोल्यांतल्या मुलींच्या घरी.

सप्टेंबरात निशाचं ठरलेलं काम होतं, वापरणाऱ्यांना भेटून अनुभव विचारण्याचं. तिने यादीतून पहिलं नाव मुद्दाम निवडलं. सृष्टी ठोंबरे, दुसरं वर्ष, गाव वाशीमजवळ. मुलगी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर आली, ओढणी दोन्ही हातांत धरून बसली. मी बाजूला होतो. माझं काम मराठी ऐकायचं.

"ॲप कसं वाटलं?" निशाने विचारलं. यादीतला पहिला प्रश्न तोच होता.

"चांगलं आहे मॅडम. सोपं आहे."

"ते बटण... दाबताना काय वाटलं होतं?"

"काहीच नाही. लई सोपं होतं ना ते. विचार करायला वेळच नाही लागला."

वापरणाऱ्याला विचार करावा लागू नये, हे निशाच्या पेशातलं पहिलं सूत्र. तिने ते उत्तर टिपून घेतलं नाही.

"घरी पत्र गेलं?"

"बाबा एसटीत मेकॅनिक आहेत, वाशीम डेपोला. पत्ता डेपोचाच दिला होता मी, घरी पोस्टमन नीट येत नाही. पत्र इंग्रजीत होतं. मग बाबांनी ऑफिसातल्या साहेबांकडून वाचून घेतलं. सगळे होते तिथं. बाबांनी डेपोत सांगितलं होतं, पोरगी पुण्याच्या मोठ्या होस्टेलात राहते, तिथं जेवायचंसुद्धा मोबाइलवर असतं."

"काय म्हणाले?"

"रागावले नाहीत. फोन केला, म्हणे, तू तिथं अर्धपोटी राह्यतं काय वं माय? मी म्हटलं, नाही हो बाबा, ते काहीतरी चुकून आलं. तर म्हणे, सही-शिक्क्याचं कागद चुकून येते काय."

"मी त्यांच्याशी बोलू का? मी सांगते त्यांना, माझ्या वेळीही..."

"नको, मॅडम." सृष्टी पटकन उठली. "तुम्ही चांगल्या आहात. तुमचा फोटो बघितला आम्ही, दाखवला होता सभेत. पण आता काही विचारू नका तुम्ही. विचारलं की सांगावं लागतं."

ती वर गेली. पाहणीत तिने ॲपला पाचपैकी पाच तारे दिले होते, तेही निशानेच मला नंतर दाखवलं.

त्याच दुपारी आम्ही शेडवर गेलो. तिथे सातऐवजी चार बायका होत्या. वजनावर पोळी करायची तर आता यंत्र बरं पडतं, ते कोपऱ्यात घरघरत होतं. निशाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यादी, पत्र, डेपो.

"काकू, मला वाटलं, मागायची सोय झाली तर त्यांना बरं पडेल."

"तू मागितलं हुतंस का कवा?"

"नाही."

"मी म्हटलं असतं, सांग गं, किती जणी जेवता, तर तू काय केलं असतंस?"

"डबा बंद केला असता."

"आन् तरी तू त्यास्नी इचारत बसलीस," इंदुबाई म्हणाल्या. "शिकलीस बाई तू." मग त्यांनी यंत्रावरच्या बाईला हाक मारली आणि आमच्याकडे पाठ केली. जेवून जा म्हणाल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मला वाटलं, ही आता नोकरी सोडेल. गोष्टीत तसं होतं. पण निशाने खडकीला फ्लॅट घेतला होता, आणि मंगरूळपीरला आईचे गुडघे होते. तिने नोकरी सोडली नाही. एका शनिवारी दुपारी तिने स्वतः ते बटण काढलं. त्याच्या जागी पोकळी दिसू नये म्हणून वरची बटणं अर्धं बोट खाली घेतली. कुणालाही काही कळलं नसतं, इतकं ते नीट झालं.

ऑक्टोबरात इंद्रजीतने बैठकीत एक तक्ता लावला. नव्या नियमामुळे ग्राहक वाढले होते. पूर्वी ज्या खोलीतून एक नाव यायचं तिथून आता दोन येत होती. पण यातल्या काही खोल्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती. एक मुलगी फक्त दुपारचं मागवायची, रात्रीचं कधीच नाही. दुसरी फक्त रात्रीचं.

"इंटरेस्टिंग ना?" इंद्रजीत म्हणाला. "डाएटिंग असेल. इंटरमिटंट फास्टिंग वगैरे. पण ही सगळी एकवेळवाली पब्लिक आपली अपॉर्च्युनिटी आहे. मुलं धरून दोनशे खोल्या भरतायत."

निशा तक्त्याकडे बघत होती. मीही बघितलं. पूर्वी एका डब्यावर दोघी दोन वेळा अर्ध्या जेवत होत्या, वर इंदुबाईंच्या दोन पोळ्या. आता तेवढ्याच पैशांत प्रत्येकी एक पूर्ण जेवण, नियमाप्रमाणे स्वतःच्या नावाने, आणि दुसऱ्या वेळी काही नाही. आहारतज्ज्ञ बाईंना नको होतं ते वाटून खाणं, ते बंद झालं होतं.

"जी वेळ ते स्किप करतात, नेमक्या त्या वेळी आपण मेसेज पाठवायचा," इंद्रजीत सांगत होता. "मस्त गरमागरम भाषेत. काका आहेतच."

काका होते. तासाचे पैसे मिळत होते. मी लिहून दिलं: 'जेवलात का? आज भरलं वांगं आहे. मागवा.' सगळ्यांनी वाहवा केली. मेसेज कुठे कुठे जाणार त्या खोल्यांची यादी निशाने करायची होती.

दोन दिवसांनी तपासायला म्हणून मजकूर आणि यादी एकत्रच माझ्याकडे आली. आयुष्यभराची खोड, मी खोल्यांचे आकडेसुद्धा वाचले. इंद्रजीतच्या दोनशेतून नऊ कमी होते. कागदावर कुठेही कारण दिलेलं नव्हतं. बैठकीत ती त्याबद्दल बोलली नाही, मला फोन केला नाही, आणि एखादं कलम, बटण, शेरा असं काहीच केलं नाही. गाळलेला मजकूर दाखवून द्यायचा, या एका कामावर मी जन्म काढला आहे. मी खाली 'बरोबर' लिहून सही केली आणि यादी परत पाठवली.

त्या दिवसापासून रोज बाराला आणि साडेसातला एकशे एक्याण्णव खोल्यांत मेसेज जातो. उरलेल्या नऊ खोल्यांत कुणाला जेवण मिळतं असं नाही. जेवलात का, एवढं त्यांना कुणी विचारत नाही.